पुस्तकं जातात कुठं

जुन्नर, ४ नोव्हेंबर १९०७

ही वही मोडीत लिहायची असं ठरवलं आहे. कारण साधं आहे. मिस पार्क माझं टेबल दिवसातून दोनदा आवरतात आणि आवरता आवरता वाचतातही. इंग्रजी तर त्यांची मायबोली. छापील मराठीही त्या बोट ठेवून लावतात. पण मोडी पाहिली की त्यांना फक्त मुंग्यांची रांग दिसते. मला मोडी शिकवली बाबांच्या कारकुनानं आणि मराठी शिकवली कोंडाबाईनं. कोंडाबाई माझी दाई. नगरकडच्या मिशनच्या बंगल्यात मी जन्मले आणि बारा वर्षं तिच्या पदराला धरून हिंडले. मग बाबा गेले, आई मला घेऊन स्कॉटलंडला परतली, आणि आता अकरा वर्षांनी मिशननं मला 'परदेशी सेवेसाठी' इथं धाडलं आहे. यातला परदेश कुठला, ते कमिटीनंच सांगावं. रागावले की मी अजून मराठीतच रागावते.

तर मी मिस एल्सी, वय तेवीस, परीक्षेवर आलेली. मार्चअखेरपर्यंत काही करून दाखवलं तर इथं राहायला मिळेल, नाहीतर मुंबईच्या ऑफिसात पत्रांच्या नकला करायच्या. त्यातून मिशनचं जुन्नरचं ठाणंच बंद करावं असंही कमिटीत काहींचं मत आहे. वीस वर्षं मिस पार्क इथं आहेत आणि दाखवण्यासारखं म्हणजे एक विहीर, अकरा मुलींची शाळा आणि धर्मप्रचाराच्या पुस्तिकांनी गच्च भरलेली दोन कपाटं.

मला मुंबईला जायचं नाही. हे एकदा लिहून टाकलं म्हणजे बरं.

७ नोव्हेंबर

बाजाराचा दिवस. मी आणि सारजाबाई पुस्तिका घेऊन वडाखाली उभ्या राहिलो. सारजाबाई आमची बायबलवाली बाई. पन्नाशीची, विधवा, पोटात सगळ्या जुन्नरच्या भानगडी आणि तोंडाला कुलूप. दोन तासांत तीन पुस्तिका गेल्या. एक वाण्यानं नेली. मी आनंदून वळून पाहते तो काय, त्यानं पान फाडून त्यात गूळ बांधायला घेतला होता! मी काही बोलायच्या आत एका डोंगराकडच्या म्हातारीनं त्याला असा धुतला की ऐकणारे गोळा झाले. "द्येवाचं नाव लिवल्यालं अन् त्यात गूळ बांधतुयास व्हय रं? लोकं चाटून रस्त्यात टाकत्याल, पाय लागंल, पाप कुनाला?" वाण्यानं मुकाट्यानं पान कपाळाला लावलं.

मी तिला एक पुस्तिका देऊ केली. ती म्हणाली, "मला नगं बाई. आमच्यात ठिवायचं कुठं ह्ये?"

१२ नोव्हेंबर

नदीकाठी कागदपुरा आहे. तिथं मुसलमान कागदी लोकांची घरं; पूर्वी म्हणे इथल्या कागदावर दरबाराची पत्रं लिहीत. आता गिरणीचा कागद आला आणि लगद्याचा एकेक हौद कोरडा पडत चालला. दस्तगीर कागद्याचा तेवढा अजून चालू होता, तोही दिवाळीपासून बंद आहे. लगद्यासाठी रद्दी मिळत नाही, मिळाली तर परवडत नाही. माणूस उंच, शांत, बोलण्याआधी दाढीवरून हात फिरवणारा. मोहरम झाला की मुंबईला गिरणीत जाणार असं म्हणाला.

त्याची बायको जैबुन्निसा माझ्याच वयाची. मी दारात पाय ठेवल्याबरोबर तिनं मला आपादमस्तक पाहिलं आणि विचारलं, "बाईसाब, तुमास्नी एकटीला कसं पाठवलं? घरात भांडन झालं व्हतं का?" मी हसले ती हसतच राहिले. तीही हसली आणि मग तिला खोकल्याची उबळ आली. खोकला चांगला नाही तिचा.

दस्तगीरला मी एक पुस्तिका दिली. त्यानं ती डोक्याला लावली, एक पान दोन बोटांत चोळून पाहिलं, म्हणाला, "चांगला माल हाय." मला कोण आनंद! म्हटलं, आमच्याकडं दोन कपाटं भरून आहेत, हव्या तितक्या घ्या. तर त्याचा चेहराच बदलला. "नाय बाईसाब. फुकटचं ढीगभर घेतलं तर हाताला बरकत ऱ्हात नाय." मी आपलं समजले, परधर्मी माणूस, आढेवेढे घेणारच.

मी निघाले तरी सारजाबाई मागं राहून जैबुन्निसाशी बराच वेळ कुजबुजत होती. वाटेत विचारलं तर म्हणाली, "कुटं काय, खोकल्याचा काढा सांगत व्हते." पण मग घरापर्यंत माझ्याकडं पाहून अशी काही हसत होती, जणू मी मोठं पुण्य केलं.

२१ नोव्हेंबर

चमत्कार! दुसरा शब्द नाही. आज वडाखाली मी पोचायच्या आत माणसं थांबलेली. एकशे ऐंशी पुस्तिका दीड तासात संपल्या. ओतूरचा एक तांबट तर म्हणाला, "दोन द्या, घरच्यांची येगळी." निमगाव सावाच्या एका शेतकऱ्याला मी रंगीत चित्राच्या कव्हराची दिली, ती त्यानं परत केली. "रंगाचं नगं बाई, साधंच बरं." बघा! लोकांना बाहेरची शोभा नको, आतला मजकूर हवा आहे. मिस पार्कना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घालून माझ्याकडं पाहिलं.

एक म्हातारा जाता जाता म्हणाला, "लई पुन्य लागंल तुमास्नी." मी म्हटलं, पुण्य देणारा तो वरचा. तो म्हणाला, "त्ये खरंच. तुमी कशाला बोलताल!" आणि डोळा मिचकावला. इथली माणसं भाविक आहेत खरी, पण डोळा का मिचकावतात?

३० नोव्हेंबर

आज कर्तव्य म्हणून पुन्हा कागदपुऱ्यात गेले. या आठवड्यातली तिसरी खेप. जैबुन्निसाला वाचायला शिकवायचं असं मिस पार्कना सांगून जाते. शिकवणं अजून सुरू व्हायचं आहे. ती मला भाकरी थापायला शिकवते. माझ्या भाकरीला ती "इलायतचा नकाशा" म्हणते.

देव दयाळू आहे. दस्तगीरचा हौद भरला आहे! लांबूनच कुटायच्या लाकडी हातोड्याचा धप् धप् आवाज आला. कुठूनतरी रद्दीची सोय झाली असणार. अंगणाच्या भिंतीला ओले ताव चिकटवून वाळत घातले होते आणि जैबुन्निसा वाळलेला ताव मांडीवरच्या फळीवर गुळगुळीत दगडानं घोटत होती. कागद थोडा करडा वाटला. जवळून पाहिलं तर त्यात काळे ठिपके, एक तर चक्क 'म'सारखा दिसत होता. म्हटलं, "नीट धुतलेला दिसत नाही हा." ती दगड खाली ठेवून पोट धरून हसली, डोळ्यांना पाणी येईपर्यंत. "बाईसाब, तुमी बी लई पोचलेल्या!" आपला विनोद कुठला हे न कळता वाहवा मिळणं फार वाईट.

१६ डिसेंबर, आंबेगाव

पाच दिवसांची फेरी. जुन्नरहून डोंगर ओलांडून घोड नदीच्या खोऱ्यात उतरलो. भात निघालेला, नाचणी खळ्यात. सारजाबाई टट्टावर, मी पायी, कारण टट्टाला माझ्याबद्दल काही पूर्वग्रह आहे.

आंबेगावच्या वरच्या वाडीत जानकू नावाचा पुढारी आहे. काळा, काटक, हसला की सगळे दात दिसतात. त्यानं घोंगडी अंथरली, सगळी वाडी बसली. मी बोधकथा सांगितली. मेंढरू हरवतं तिथं बायकांनी चुकचुक केली, सापडतं तिथं एकजण म्हणाला, "वाघरानं न्हाई न्येलं म्हंजी नशीबच." मग पुस्तिका वाटल्या. दोनशे होत्या, दोनशे गेल्या. वाचता येणारा त्या वाडीत एकही नाही, तरी प्रत्येकानं दोन्ही हातांनी घेतली. एका बाईनं तर दहा-बारा एकत्र करून सुंभानं बांधल्या. म्हटलं, ओझं होईल गं. "व्हऊ द्या की," ती म्हणाली, "येत्या बाजाराला जानारच हाय आमी जुन्नरला." पुस्तिकांचा नि बाजाराचा काय संबंध ते मी विचारणार होते, पण तेवढ्यात कुणीतरी दूध आणलं.

रात्री झोपताना मनात आलं, वाचता येत नाही आणि तरी इतकी ओढ! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सारजाबाईलाही सांगितलं. ती म्हणाली, "झोपा आता."

२ जानेवारी १९०८

पुण्याहून बैलगाडीनं आणखी सहा गठ्ठे आले. जुनी दोन्ही कपाटं रिकामी! मिस पार्कनी कमिटीला लिहिलं होतं, ते मिशनच्या मासिकात छापून आलं: 'सह्याद्रीच्या कुशीतली भूक'. माझं नाव तीनदा आहे. डनकेरीच्या बायकांनाही पाठवलं. डनकेरी हे आमच्या आईचं खेडं. तिथल्या चौदा बायकांचं शिवणमंडळ माझा पगार आणि या पुस्तिकांचा छपाईखर्च देतं. त्यांतल्या मिसेस गिलीजनी त्यासाठी चहातली साखर सोडली आहे. स्कॉटलंडच्या थंडीत बिनसाखरेचा चहा! हे ज्यानं सोसलं नाही त्याला कळायचं नाही.

आणि मोठी बातमी: मुंबईहून सेक्रेटरी बॅक्स्टरसाहेब स्वतः पाहायला येताहेत. सगळं ठीक दिसलं तर मार्चची वाट न पाहता मला कायम करतील, ठाणंही राहील. मिस पार्कनी पडदे धुवायला काढले. सारजाबाई म्हणते, वीस वर्षांत त्या पहिल्यांदाच गुणगुणल्या.

१७ जानेवारी

काल लिहायला हात धजेना. आज लिहिते.

बॅक्स्टरसाहेब भले गृहस्थ आहेत, गुबगुबीत, घामाघूम, मराठीचा एक शब्द न येणारे. काल बाजार. वडाखालची गर्दी पाहून त्यांनी टोपीच काढली. म्हणाले, "यांतल्या एखाद्याशी मला बोलायचं आहे. मिस एल्सी, तुम्ही दुभाषी व्हा." आणि नेमका समोर आला जानकू, डोक्यावर सुंभानं बांधलेला गठ्ठा घेऊन. मला वाटलं तांदूळ असेल.

साहेबांनी विचारलं, "या पुस्तकानं तुला काय दिलं?"

जानकू म्हणाला, "मला? मला काय न्हाई दिलं सायेब. मला कुटं वाचाया येतंय? पर आमच्या कागदीभाऊची चूल पेटली का न्हाई?" मी ते इंग्रजीत सांगितलं. तोंड सांगत होतं, डोकं मागून येत होतं.

"गुप्तदान हाय म्हनून आमी कुनी बोलत न्हाई," जानकू म्हणाला, "पर तुमी मोठं सायेब, इचारलंत म्हनून सांगतो. दस्तगीरभाऊ मानी मानूस. एकदम दिलं तर घ्येनार न्हाई. मंग बाईनं काय केलं, साऱ्या तालुक्याच्या हातावर येकयेक ठिवलं. आमी बाजाराला येताना आनतो, भाऊच्या दारात ठिवतो. त्येला वाटतं लोकांनी दिलं, त्येचा मान ऱ्हातो. आन् आमच्या घरात गळतंय, उंदरं हाईत, द्येवाच्या नावाचं ठिवायचं कुटं? जाळाया ईना, टाकाया ईना. पान्यात गेल्यालं बरं. आमालाबी पुन्य. अशी बाई बगितली न्हाई सायेब."

प्रत्येक वाक्य मी इंग्रजीत केलं. एक गाळलं असतं, एक फिरवलं असतं, तर साहेबांना काय कळणार होतं? मिस पार्क चार पावलांवर होत्या, त्यांचं मराठी भरभर बोलण्याला पुरत नाही. मनात आलं नाही असं नाही. पण जानकू माझ्याकडं इतका अभिमानानं पाहत होता की त्याच्या तोंडात भलतं काही घालवेना.

मग साहेब म्हणाले, "आपण हे पाहू या." गेलो कागदपुऱ्यात. हौदात आमच्या पुस्तिका पानापानानं तरंगत होत्या. दस्तगीरनं साहेबांना सलाम केला आणि मला तक्रारीच्या सुरात म्हणाला, "बाईसाब, राग मानू नका, पन तुमच्या छापखान्याची शाई लई चिवट हाय. चार येळा धुवावं लागतंय." मी तेही भाषांतर केलं.

घरी येताना सारजाबाईला विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"मंग? जैबुन्निसानं आन् म्याच ठरीवलं न्हाई का, तुमच्या मनात काय हाय ते वळखून. तुमी बोलला न्हाईत, म्हनून मीबी न्हाई बोलले. गुप्तदान बोलून दावलं की फळत न्हाई."

१८ जानेवारी

साहेब सकाळी चहाला म्हणाले की त्यांनी रात्रभर विचार केला. चार हजार आठशे पुस्तिका वाटल्या गेल्या हे असत्य आहे का? नाही. मग अहवालात तेवढंच लिहावं, खाली मी सही करावी. माणसं येत राहतील, पुस्तिका जात राहतील, ठाणं राहील, मीही राहीन. "आणि कुणी सांगावं," ते म्हणाले, "धुता धुता एखादा वाचेलही." माणूस वाईट नाही. त्यांनाही ठाणं बंद करायचं नाही, हे दिसत होतं.

साप मरावा आणि काठी मोडू नये, अशी सोय. सही केली असती तर मी इथं, मिस पार्कचं घर शाबूत, दस्तगीरचा हौद भरलेला. नुकसान कुणाचं? चौदा बायकांचं, सहा हजार मैलांवरच्या. त्यांना कधी कळणारही नव्हतं. पण मिसेस गिलीजचा तो बिनसाखरेचा चहा माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

मी सही केली नाही. साहेबांना म्हटलं, ज्यांचा कागद आहे त्यांना आधी विचारते. साहेब म्हणाले, मग मार्चअखेर मुंबईला यायची तयारी ठेवा. मिस पार्क उठल्या, रिकाम्या कपाटाची दारं लावली आणि खोलीत गेल्या.

डनकेरीला पत्र लिहिलं, नऊ पानं. सुरुवात फार गंभीर होती. पण दुसऱ्या पानापासून मी जैबुन्निसावर आले. ती भाकरी कशी थापते, मला काय काय विचारते, तिचा खोकला सुंठीनं कमी होतो आणि थंडीनं वाढतो, हेच लिहीत गेले. माफीचं वाक्य शेवटी घाईघाईनं घातलं.

२३ जानेवारी

दस्तगीरला खरं सांगणं भाग होतं. ते साहेबांना सांगण्याहून कठीण गेलं.

जैबुन्निसाला आधी कळेचना. "म्हंजी तुमी खरंच ती वाचायसाठी देत व्हता? येवढ्या? कुनाला?" मी मान हलवली. तिला हसू आवरेना, मग माझा चेहरा पाहून तिनं मला जवळ ओढलं. दस्तगीर मात्र हसला नाही. दाढीवरून हात फिरवत म्हणाला, "मंग ती चोरी झाली की, बाईसाब. दिल्यालं घेतलं असं मला वाटत व्हतं. ज्येंचं व्हतं त्येंनी मला दिलंच नव्हतं."

मी परोपरीनं सांगितलं की चूक माझी. तो ऐकून घेत होता. मी निघाले तेव्हा तो हौदातलं पाणी सोडून देत होता.

खरं बोलल्यावर माणसाला हलकं वाटतं, असं आम्हाला रविवारच्या शाळेत शिकवलं होतं. शिकवणाऱ्या बाईंना कधी कागदपुऱ्यात जावं लागलं नव्हतं.

१० फेब्रुवारी

धप् धप् बंद होऊन पंधरवडा झाला. आवाज होता तेव्हा डोकं उठायचं, आता नाही तर झोप येत नाही.

मिस पार्क आज जेवताना एकाएकी म्हणाल्या, "एल्सी, गेली वीस वर्षं मी वाटल्या त्याही हौदात गेल्या असतील का गं?" सारजाबाई वाढत होती, तीच म्हणाली, "न्हाई मॅडम. तवा कुनी घेतच नव्हतं. कपाटातच व्हत्या की." मिस पार्क ताटाकडं पाहत बसल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही, बहुधा दोन्ही. नंतर त्यांनी माझ्या ताटात स्वतःचा पापड ठेवला. आमच्या मिस पार्ककडून याहून जास्त कुणी अपेक्षा करू नये.

२६ फेब्रुवारी

मोहरम होऊन गेला, तरी दस्तगीर निघालेला नाही. आता होळी झाल्यावर म्हणतो. मेहबूब गाडीवानाची गाडी नारायणगावपर्यंत ठरली आहे. हौद बुजवून तिथं शेळ्या बांधाव्यात असं दस्तगीरचा भाऊ म्हणतो. जैबुन्निसा सासूजवळ राहील. आज ती मला म्हणाली, "तुमी मुंबैला, ह्ये मुंबैला. जा दोगंबी. मी काय, खोकत बसते हितं." थट्टेतच म्हणाली, पण पाठ करून म्हणाली.

मी घरी आले आणि ट्रंक भरायला काढली. दोनच लुगडी माझी, बाकी झगे. लुगडी वर ठेवली.

कुणावर रागवावं हे कळत नसलं की फार राग येतो. मी आज टट्टावर रागावले. तो पूर्वीपासूनच माझ्यावर रागावलेला असल्यामुळं बरोबरी झाली.

१६ मार्च

डनकेरीचं पत्र आलं!

डाकवाला आला तेव्हा मी विहिरीवर होते. ओल्या हातांनी फोडलं. मिसेस गिलीजचं अक्षर, खाली चौदा सह्या. मिस पार्कना व्हरांड्यात वाचून दाखवलं आणि मग तशीच अनवाणी कागदपुऱ्यात पळाले. सारजाबाई मागून ओरडत होती, "अवो वहाना!"

दस्तगीर गाठोडं बांधत होता. उद्या होळी, परवा गाडी. मी म्हटलं, बसा, हे ऐका, नि उभ्या उभ्याच मराठीत सांगत सुटले. त्या लिहितात: आम्ही सगळ्या मिळून तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा दोघींना राग आला. दुसऱ्यांदा कुणालाच आला नाही. कागद आम्ही दिला होता. तो कुठल्या वाटेनं गेला यावर आमचं भांडण नाही. त्या कागद्याला सांग, चोरी झालेली नाही, दिलेलंच त्यानं घेतलं, आणि आम्ही चौदाजणी साक्षीला आहोत. यापुढं छापलेल्या पुस्तिका मात्र पाठवणार नाही. शाई चिवट आहे असं तो म्हणतो ना? आमच्या घराघरांत जुन्या तागाच्या चिंध्यांच्या पेट्या आहेत. तागाचा कागद होतो का, ते विचारून कळव. मुंबईच्या सेक्रेटरीला आम्ही कळवलं आहे की पैसे आमचे, तेव्हा मुलगी आमची, आणि ती जुन्नरलाच राहील.

दस्तगीर गाठोड्यावर हात ठेवून ऐकत होता. म्हणाला, "ताग? तागाचा तर लई ब्येस व्हतो." मग दाढीवरून हात फिरवला. "आन् शाई?" म्हटलं, नाही, शाई अजिबात नाही. त्यानं गाठोड्याची गाठ सोडली नाही, पण गाठोडं उचलून आत ठेवलं. मग बाहेर येऊन हौदाच्या कडेला बसला आणि आत कुठं चीर गेली आहे ते बोटानं चाचपायला लागला.

"आनखी काय लिवलंय?" जैबुन्निसानं विचारलं.

शेवटचा भाग मी मुद्दाम राखून ठेवला होता. तो आता वाचला. मिसेस गिलीज लिहितात: 'वीस वर्षं आम्हाला जुन्नरहून पत्रं येतात. त्यांत भूक असते, अंधार असतो, हजारो जीव असतात. माणसाचं नाव असलेलं हे पहिलंच पत्र. आता आम्ही रविवारी एकमेकींना तिच्याबद्दल विचारतो. जैबुन्निसाचा खोकला कसा आहे? सुंठीबरोबर मध देऊन पाहिलास का?'

जैबुन्निसा हात पुसून पुढं आली. "कुटं लिवलंय मला? दावा."

मी बोट ठेवलं. इंग्रजी अक्षरं, मिसेस गिलीजची लांबलचक, ओळीच्या या टोकाला सुरू होऊन पार त्या टोकाला संपलेली.

"ही समदी मी?"

"सगळी."

"येवढी मोठी हाय मी?" तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि पुन्हा एकदा. मग पत्राची घडी घालून पदराच्या गाठीत बांधलं आणि हौदाजवळ बसलेल्या नवऱ्याला ओरडून बजावलं, "अवो, ऐकलं का? ह्ये एक पान्यात जानार नाय!"